माळ्यावरची रिळं आणि नऊ सेकंद



मागे एका वाचक भगिनीचं पत्र आलं होतं. माळा आवरताना तिला बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सिनेमाची छोटी छोटी रिळं सापडली. यजमानांच्या मामांनी परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेली. ती लिहिते, "प्रोजेक्टर केव्हाच भंगारात गेला. डबा उघडला की आंबूस वास येतो. धाकटे दीर म्हणतात, सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ, त्यातला चांगला चांगला भाग पेनड्राइव्हवर ठेवू आणि हा कचरा टाकून देऊ. मामंजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला दाखवता येईल. ताई, तुमचं काय मत?"

बाई गं, माझं मत एका वाक्यात सांगते. उतरवून जरूर घ्या, कापा, जोडा, रंग सुधारा, हौसेनं सगळ्यांना दाखवा. पण टाकू मात्र काहीही नका. ना रीळ, ना उतरवलेली पहिली अखंड प्रत. असं मी का म्हणते, ते पुढे येईलच. ही चूक मी स्वतः जवळजवळ करून बसले होते. पण आधी कामाचं बोलू या.

रीळ हाती घेण्यापूर्वी

आपल्याकडच्या घरांतून बहुधा दोन प्रकारची रिळं सापडतात. एक १९३२ साली निघालेली साधी आठ मिलिमीटरची फिल्म आणि दुसरी १९६५ साली आलेली सुपर एट. दोन्ही पट्ट्या रुंदीला सारख्याच, म्हणून बघणाऱ्याची गल्लत होते. फरक कडेच्या भोकांत आहे. साध्या फिल्मची भोकं मोठी, आणि दोन चित्रांच्या मधल्या रेघेपाशी असतात. सुपर एटची भोकं बारीक, आणि चित्राच्या बरोबर मध्यावर. भोकं बारीक केल्यामुळे चित्राला जागा जास्त मिळाली. पट्टी उजेडाकडे धरून, फक्त कडांना बोट लावून बघा. लगेच ओळखता येतं.

आता तो आंबूस वास. ही पट्टी ॲसिटेटची असते. उन्हाळ्यात तापणारा माळा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांनी ती आतून कुजायला लागते आणि तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. शिरक्याला जो वास येतो तो याच आम्लाचा. आणि सुटलेलं आम्लच पुढची कुज वाढवत नेतं, म्हणजे एकदा सुरुवात झाली की काम थांबत नाही, वेग घेतं. तेव्हा वास येणारी रिळं वेगळी काढा, चांगल्या रिळांच्या सोबत ठेवू नका. हवाबंद डब्यात कोंडू नका. घरातल्या त्यातल्या त्यात थंड आणि कोरड्या जागी ठेवा, आणि उतरवून घेण्याच्या रांगेत त्यांनाच पहिला नंबर द्या. आज बघू, उद्या बघू करण्यात दोन पावसाळे गेले तर पट्टी आक्रसते, वेडीवाकडी होते आणि मग यंत्रात बसत नाही.

शेजारच्या कुणाकडून जुना प्रोजेक्टर मिळाला तरी "एकदा लावून तर बघू" हा मोह आवरा. आक्रसलेल्या पट्टीची भोकं दात्यांत बसत नाहीत आणि ती फाटते. मध्येच अडकली तर दिव्याच्या धगीनं तेवढं चित्र डोळ्यांदेखत बुडबुडा येऊन जातं. तसंच भिंतीवर चित्र पाडून त्याचं मोबाइलवर चित्रण करणं, हेही काही खरं नाही. मध्ये उजेड, कडेला अंधार आणि सगळं लुकलुकतं.

दुकानदाराला काय विचारायचं

कापड दुकानात आपण पोत बघतो, रंग जाईल का विचारतो, पन्ना मोजून घेतो. इथंही तसंच ठणकावून विचारायचं.

पहिलं, प्रत्येक चित्र वेगवेगळं टिपून स्कॅन करता ना? दुसरं, यंत्राकडून आपोआप रंग सुधारणं, कडा टोकदार करणं, दाणे पुसणं असलं काही करू नका, हे सांगा. तिसरं, चित्राच्या चारी कडा दिसतील एवढी जागा धरून स्कॅन करा. कापायचं ते मी नंतर कापेन. चौथं, मला दोन फाईली हव्यात. एक मोठी, प्रोरेससारखी, जिच्यात फार दाबादाबी केलेली नसते. आणि एक छोटी, एमपी-फोर, नुसती बघायला. पाचवं, रिळं मला परत हवीत, आणि कुठल्या रिळाची कुठली फाईल ते नंबर घालून हवं.

मोठी फाईल उघडून बघाल तर पहिल्यांदा हिरमोड होईल. चित्र फिक्कट दिसतं, पाणी घातलेल्या वरणासारखं. घाबरू नका, ते मुद्दाम तसं ठेवतात. उजेडाचा आणि अंधाराचा सगळा तपशील त्यात शाबूत राहतो आणि चव आणायचं काम आपल्यावर सोडलेलं असतं. उलट दुकानातूनच झगझगीत करून आणलं, तर पांढऱ्या धोतराच्या निऱ्या उजेडात एकदा विरघळल्या त्या विरघळल्या. पदार्थात मीठ मागाहून घालता येतं, काढता येत नाही.

ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच रिळं कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर उतरवून घेतली असतील, त्यांनाही सांगते, रिळं असतील तर पुन्हा स्कॅन करून घ्या. तेव्हाच्या उतरवण्यात पट्टीवर होतं त्यातलं बरंच आलेलंच नाही.

विरजण बाजूला काढा

फाईली घरी आल्या की आपला हात लगेच शिवशिवतो. जरा थांबा. ताक करायच्या आधी आपण विरजणापुरतं दही बाजूला काढतो की नाही? तसंच इथं. पहिलं काम राखीव प्रती करण्याचं. संकलन त्यानंतर.

हिशेब सोपा आहे. एकंदर तीन प्रती. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यांतली एक घराबाहेर. तळहाताएवढ्या एका ५० फुटी रिळाची मोठी फाईल चार-पाच जीबीची होते. म्हणजे दहा रिळांना साधारण पन्नास जीबी. आजच्या हार्ड डिस्कच्या मानानं हे काहीच नाही. एक प्रत घरच्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या डिस्कवर माहेरी किंवा बहिणीकडे, तिसरी इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत. घराबाहेर कशाला, असं वाटेल. सांगली-कोल्हापूरकडच्या भगिनींना हे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात घरंच्या घरं पाण्यात होती. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन डिस्का म्हणजे बुडायला एकच.

काही समजुती मात्र सोडून द्या. पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचं साधन आहे, साठवणीचं नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ ही प्रतच नव्हे; तिथं चित्र दाबून लहान होतं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि एका जागी पुसलं की दुसऱ्या जागीही आपोआप पुसलं जातं, अशी जी जोडणी मुलं मोबाइलला करून देतात, तिला राखीव प्रत म्हणू नये. चूक दोन्हीकडे एकदमच होते.

कॉपी बरोबर झाली का, हे बघायची एक युक्ती आहे. चेकसम नावाची. कॉम्प्युटर सगळ्या फाईलचा हिशेब करून अंक-अक्षरांची एक लांबलचक खूण देतो. फाईलमध्ये एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं तरी खूण बदलते. मूळ फाईलची आणि प्रतीची खूण जुळली की प्रत चोख. हे करणारी साधनं फुकट मिळतात. घरातल्या कॉलेजकुमाराकडून एकदा शिकून घ्या. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, डिस्का जोडून उघडून बघा. न वापरता ठेवलेली डिस्कही एक दिवस मुकी होते. पाच-सात वर्षांनी नवी घेऊन तिच्यावर सगळं उतरवावं हे बरं.

माणसं पळत का सुटतात?

आता संकलन. त्यासाठी डाव्हिन्ची रिझॉल्व्ह नावाचं सॉफ्टवेअर आहे. सिनेमावाले तेच वापरतात आणि त्याची फुकट मिळणारी आवृत्ती आपल्या कामाला पुरून उरते. सुरुवातीला विमानाच्या खिडकीतून शहर बघावं तसं गोंधळायला होतं. पण शिवणाचं यंत्र तरी पहिल्या दिवशी कुठं वळलं होतं आपल्याला?

पहिली अडचण हमखास येते ती गतीची. वऱ्हाडातले जाडजूड काकासुद्धा दुडुदुडु पळताना दिसतात. याचं कारण असं, की घरगुती सुपर एट कॅमेरे बहुधा सेकंदाला १८ चित्रं घेत आणि साधे आठ मिलिमीटरचे १६. आपली आजची फाईल पुष्कळदा सेकंदाला २४ किंवा २५ च्या हिशेबानं चालते. पन्नास फुटांच्या सुपर एट रिळात ३,६०० चित्रं असतात. भागिले १८, म्हणजे २०० सेकंद. तीन मिनिटं वीस सेकंद. तुमच्या फाईलला जर दोन मिनिटं चोवीस सेकंदच लागत असतील, तर ती २५ नं पळते आहे असं समजा. फाईलच्या माहितीत हा आकडा बदलता येतो. बदलला की काका पूर्वीसारखे डुलत चालू लागतात.

मग कापाकापी. आणि इथंच माझी गोष्ट सांगायला हवी.

नऊ सेकंद

माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ नैरोबीला नोकरीला होते. तिथून आणलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी १९७२ ते १९७८ मध्ये नऊ रिळं घेतली. घरातलं १९७४ सालचं लग्न, एक मुंज, गणपती, कोकणची एक सहल. २०१९ साली सासूबाईंच्या पंच्याहत्तरीसाठी मी ती स्कॅन करून आणली आणि महिनाभर रात्री जागून तीस मिनिटांतून बारा मिनिटांची फिल्म केली. हललेलं काढलं, अंधारलेलं काढलं, काकांनी कॅमेरा उगाच छताकडे, अंगणाकडे फिरवलेला काढला. मनात म्हटलं, कसं निवडलेल्या तांदळासारखं झालंय!

कार्यक्रम छान झाला. सगळे हसले, रडले. जेवणं झाल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, लग्नाच्या दिवशी भावजी कॅमेरा घेऊन मागच्या पडवीत आले होते. मला पक्कं आठवतंय. ते नाही का निघालं?"

निघालं होतं. मीच काढून टाकलं होतं. पुसट, तांबूस, नऊ सेकंदांचं एक दृश्य. पत्रावळींचा गठ्ठा घेतलेली एक बाई कॅमेरा बघून थबकते, हात पदराला पुसते, हसते आणि तोंड फिरवून आत निघून जाते. कोण ते मला ठाऊक नव्हतं. आचाऱ्यांबरोबरची कुणी बाई असेल म्हणून मी ते कापलं.

त्या सासूबाईंच्या चुलत जाऊ होत्या. लग्नानंतर दोन वर्षांनी, १९७६ साली गेल्या. त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत नणंद, तेव्हा पाच वर्षांची. आईचा एक टपाल-तिकिटाएवढा फोटो सोडला तर तिच्याजवळ काही नाही. आणि त्या दिवशी ती समोरच बसली होती. सगळ्यांच्या आया पडद्यावर येऊन गेल्या होत्या. तिची तेवढी आली नव्हती.

मी रात्रीच मूळ फाईली शोधायला बसले. लॅपटॉपवरच्या मी जागा करायला पुसल्या होत्या. घरची डिस्क जोडली तर नुसती टिकटिक, उघडेचना. खरं सांगते, हातापायांतलं बळ गेलं. रिळं होती, पण तेच रीळ शिरक्याच्या वासाचं होतं. पुन्हा यंत्रात बसेल की नाही याची शंका होती. सुदैवानं दुसरी डिस्क नाशिकला माहेरी, भावाकडे ठेवलेली होती. पुढच्या रविवारी जाऊन आणली. नऊ सेकंद. गुणिले अठरा, म्हणजे एकशे बासष्ट चित्रं. चुलत नणंदेनं ती किती वेळा मागे-पुढे करून बघितली असतील देव जाणे. मग म्हणाली, "वहिनी, माझी धाकटी अश्शीच तोंड फिरवते हो."

तेव्हापासून माझा नियम ठरला. मापाचं पोलकं उसवून त्यावरून नवं शिवायचं नाही. मूळ फाईलींचा एक कप्पा, त्याला नाव "हात लावू नये". त्यातून प्रत काढायची आणि कात्री चालवायची ती प्रतीवर. आणि बारा मिनिटांची फिल्म जरूर करावी, नाहीतर पाहुणे जांभया देतात; पण त्याबरोबर सगळं अखंड, पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत, न कापता एका फाईलमध्येही ठेवावं. आपण कापताना आपल्याला जे ठाऊक असतं तेवढंच बघतो. जी माणसं कॅमेऱ्यापुढे सजून बसतात ती फोटोतही सापडतात. मागच्या पडवीत राबणारी बाई बहुधा अशा भरकटलेल्या दृश्यातच सापडते.

तांबडं का होतं, आणि सुधारायचं कसं

रंगीत फिल्ममध्ये रंगांचे तीन थर असतात. निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा. हे थर सारखे विटत नाहीत. त्या काळच्या पुष्कळ फिल्मांत निळसर-हिरवा आधी उडतो, आणि मग सगळं जग कुंकवाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. कोडाक्रोम नावाची फिल्म अंधारात ठेवली असेल तर तिचे रंग मात्र पुष्कळ टिकतात. तिचं उत्पादन २००९ साली बंद झालं आणि धुलाई २०१० च्या अखेरीस. पण तुमच्या डब्यात असेल तर नशीबवान आहात. उलट बाहेरची दृश्यं निळी दिसत असतील तर तो दोष काळाचा नाही, काकांचा. ती फिल्म दिव्याच्या उजेडासाठी केलेली असे आणि बाहेर उन्हात कॅमेऱ्यातला फिल्टर लावावा लागे. तो राहिला की ऊन निळं.

सुधारताना क्रम सोडू नका. आधी काळं, मग पांढरं, मग मधलं. काळं म्हणजे केस, छत्री, टोपी. ते तांबूस दिसत असेल तर अंधाऱ्या भागातला तांबडा उतरवा. पांढरं म्हणजे धोतर, गांधी टोपी, चुन्याची भिंत, ताटातला भात. ते पांढरं होईपर्यंत उजळ भाग सावरा. मग मधल्या उजेडातले चेहरे बघा. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. तासभर तांबडं बघितलं की डोळे सरावतात आणि तांबडंच बरोबर वाटायला लागतं, जशी फोडणीच्या ठसक्यात आपल्याला खाट कळेनाशी होते. म्हणून पडद्यावर तांबडा, हिरवा, निळा यांचे आलेख शेजारी शेजारी दाखवणारी सोय असते, ती उघडा. पांढऱ्या धोतरापाशी तिन्ही एका उंचीवर आले की काम झालं. उरलेलं सकाळी उठून ताज्या डोळ्यांनी बघा.

एक विनंती. "नवरी जरा उजळ करा ना," असं कुणी ना कुणी म्हणतंच. करू नका. चेहऱ्याचा रंग तपासायची आणखी एक तबकडी त्यात असते. गंमत अशी, की गोरी असो वा सावळी, माणसाच्या कातडीचा रंग तिच्यावर जवळजवळ एकाच रेघेच्या दिशेनं पडतो. फरक असतो तो उजेडाचा आणि गडदपणाचा. त्या रेघेवर चेहरा आला की रंग बरोबर आला. त्यापुढे कुणाला उजळवणं ही दुरुस्ती नव्हे, ती त्या बाईच्या चेहऱ्यात केलेली ढवळाढवळ आहे. जिवंतपणी ऐकलं तेवढं पुरे झालं की!

रात्रीची दृश्यं फार पांढरी करू नका. पिवळ्या दिव्याखालचं लग्न पिवळंच शोभतं. आणि जो रंग पट्टीवरून पुरताच उडाला आहे तो ओढून आणायला गेलात तर नुसते दाणे नाचतात. थोडं तांबूसपण राहू द्या.

त्या नऊ सेकंदांचंही असंच झालं. चुलत नणंदेनं विचारलं, "आईची साडी कुठल्या रंगाची होती?" सासूबाई पटकन म्हणाल्या, "डाळिंबी." पडद्यावर दिसतही डाळिंबीच होती. पण मागच्या दांडीवर वाळत घातलेलं धोतर पांढरं केलं, आणि साडी निळी निघाली. चांगली गडद निळी. निळ्यातला तो आधी विटणारा थर गेला की मागे डाळिंबीच उरते, हे मला तेव्हा कळलं. सासूबाई काही मानेनात. मग मला आठवलं, याच रिळांची १९९३ साली एका दुकानातून कॅसेट करून घेतली होती, तीही तांबूसच. आणि सासूबाईंनी ती पंधरा-वीस वेळा तरी पाहिली होती. खरी आठवण कुठली आणि कॅसेटची कुठली, हे आता कोण सांगणार? मी भांडले नाही. वहीत लिहून ठेवलं, "धोतर पांढरं धरल्यास साडी निळी. सासूबाईंच्या मते डाळिंबी." आणि न सुधारलेली प्रत शेजारीच ठेवली. उद्या कुणाला माझ्याहून चांगली दुरुस्ती जमली तर तिला मूळ मिळायला हवं ना!

वही

वहीचं नाव निघालं म्हणून शेवटचं आणि खरं तर पहिलं काम सांगते. ही रिळं बहुतेक मुकी असतात. डिस्क चित्रं सांभाळते, नावं सांभाळत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवा, अखंड फाईल लावा, आणि त्या बोलतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. रीळ कितवं, कितव्या मिनिटाला, कोण, कुठं, हे वहीत उतरवा. मी हे कापायच्या आधी केलं असतं तर त्या दिवशी एका लेकीला रिकाम्या हातानं उठावं लागलं नसतं.

हे सगळं यंत्रतंत्र आपल्याला कसं जमायचं, असं म्हणू नका हं. दादासाहेब फाळक्यांनी "राजा हरिश्चंद्र" काढला तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई फाळक्यांचा हात होता, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे. १९१३ सालच्या त्या चित्रपटाचा आज काही भागच उरला आहे. आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली जुन्या नायट्रेट फिल्मची किती तरी रिळं भस्म झाली. आपली घरगुती फिल्म तशी पेट घेणारी नसते. पण धडा तोच. एकुलती एक प्रत म्हणजे काही प्रत नव्हे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीनं, आणि तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवावं:

• वासाची रिळं वेगळी, थंड-कोरड्या जागी, आणि स्कॅनिंगला आधी.
• स्कॅन करताना दुरुस्ती नको. मोठी फाईल आणि छोटी फाईल दोन्ही घ्या. रिळं परत आणा.
• तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक घराबाहेर. वर्षातून एकदा उघडून बघा.
• आधी वडीलधाऱ्यांना दाखवा, नावं लिहा, मग कापा.
• कात्री आणि रंग फक्त प्रतीवर. अखंड फाईल तशीच राहू द्या.
• रंग सुधारताना काळं, पांढरं, मग चेहरे. कुणाला गोरं करू नका.

आणि हो, धाकट्या दिरांना माझा निरोप द्या. म्हणावं, फिल्म हौसेनं करा, पण तो बिस्किटांचा डबा ताईंनी टाकू दिला नाही. तुमच्या रिळांत मागच्या पडवीत कोण सापडलं, ते मला जरूर कळवा.